घंगाळचं वायफाय

प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ‘घंगाळ’ असं लिहिलेलं होतं. तिने चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. घंगाळच.

लिनक्स ही संगणकप्रणाली वापरणाऱ्यांच्या एका ऑनलाइन फोरमवर ती ‘खटपटी’ या नावाने लोकांच्या अडचणी सोडवायची. नोकरी गेल्यापासून तर दिवसभर तोच उद्योग. आज दुपारी कुणा ‘नवशिक्या’ने विचारलं होतं, अपडेट केलं आणि लॅपटॉपचं वायफाय गेलं, आता काय करू? तिने सवयीने लॉग मागितला. लॉग म्हणजे लॅपटॉप चालू होताना स्वतःशी जे काही पुटपुटतो त्याची नोंद. तिच्यात ओळीओळीला लॅपटॉपचं नाव असतं. आणि घंगाळ नावाचा लॅपटॉप जगात एकच होता. ती कामाला होती त्या नकाशे छापणाऱ्या ऑफिसातल्या सगळ्या यंत्रांना तिनेच भांड्यांची नावं ठेवली होती. छपाईच्या खोलीत वाटी आणि झारा, दाराशी तवा, आणि सगळ्यांत अवजड ते साहेबांचं घंगाळ.

याच साहेबांनी दोन महिन्यांपूर्वी तिला केबिनमध्ये बोलावलं होतं. ‘‘अहो, सगळं तर आपोआप चालतंय,’’ ते म्हणाले होते. ‘‘त्यासाठी वेगळं माणूस कशाला?’’ अकरा वर्षांची नोकरी दहा मिनिटांत संपली.

धाकटी बहीण कपड्यांच्या घड्या घालता घालता मागे येऊन उभी राहिली. तिने स्क्रीन वाचली आणि तिचा चेहरा उजळला.

‘‘आयताच सापडलाय. ताई, चांगला घुमव त्याला!’’

‘‘घुमवायची गरजच नाही,’’ ताई म्हणाली. ‘‘मी नुसती गप्प बसले तरी पुरे.’’

ते खरं होतं. घंगाळमधलं वायफाय कार्ड भलतंच आडमुठं होतं. त्याला लिनक्सची भाषा कळत नसे. मध्ये दुभाषा म्हणून एक ड्रायव्हर लागे, आणि दर मोठ्या अपडेटनंतर तो नव्याने तयार करून बसवावा लागे. अकरा वर्षं ती ते करत आली होती. साहेब जेवायला गेले की पाच मिनिटांत उरकायचं. साहेब परत येत, लॅपटॉप उघडत, वायफाय चालू. आपोआप!

तिने लिहायला घेतलं. आधी फोन वायरने लॅपटॉपला जोडा, तात्पुरतं इंटरनेट मिळेल. मग ही कमांड द्या. आता ही. पलीकडून उत्तरं येत होती. एकदा त्यांनी कमांडमधलं एक अक्षर गाळलं, एकदा पासवर्ड उमटत नाही म्हणून घाबरले. ‘‘तो दिसत नाही, पण जातो. बिनधास्त टाइप करा,’’ तिने लिहिलं आणि तिला स्वतःचंच हसू आलं. साहेबांना कुणी बिनधास्त व्हायला सांगितल्याचं तिने कधी ऐकलं नव्हतं.

शेवटची पायरी राहिली आणि तिचे हात थांबले.

दोन वाटा होत्या. पहिली, नेहमीची. ड्रायव्हर बसवायचा, पुढच्या अपडेटला तो पुन्हा जाणार, साहेब पुन्हा हात चोळत बसणार. दुसरीत चार ओळी जास्त लिहायच्या होत्या. मग प्रत्येक अपडेटनंतर लॅपटॉप आपला ड्रायव्हर आपणच तयार करून घेणार, कायमचा. ही दुसरी वाट तिला कितीतरी वर्षं माहीत होती. आज करू, उद्या करू म्हणत तिने ती कधीच धरली नव्हती. वेळ नव्हता म्हणून नव्हे. ते आज तिला स्वतःशी कबूल करावं लागलं.

‘‘काय झालं?’’ बहिणीने विचारलं.

‘‘काही नाही.’’

तिने त्या चार ओळी लिहिल्या आणि पाठवून दिल्या.

पंधरा मिनिटं काहीच आलं नाही. ती उठून पाणी प्यायली. परत आली तेव्हा उत्तर येऊन पडलं होतं.

‘‘चालू झालं. आता अपडेट केलं तरी जाणार नाही?’’

‘‘नाही जाणार.’’

‘‘मग हे तुम्ही इथे असतानाच का नाही करून ठेवलंत?’’

तिने ते वाक्य दोनदा वाचलं. मग टाइप केलं, ‘‘तुम्ही कसं ओळखलंत?’’

‘‘तुमच्या खुर्चीमागून रोज दहा वेळा जायचो. स्क्रीनवर कायम हाच फोरम आणि वर ‘खटपटी’. तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून इथे येऊन विचारलं. माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं.’’

बहिणीच्या हातातली घडी अर्धीच राहिली. ‘‘लॉग आऊट कर,’’ ती कुजबुजली, जणू साहेबांना ऐकू जाणार होतं.

खोटं सुचत होतं. छान, पटण्यासारखी दोन-तीन कारणं होती. पण एवढ्या दूरवर, स्क्रीनआडून खरं बोलणं तिला अचानक सोपं वाटलं.

‘‘कारण ते केलं असतं,’’ तिने लिहिलं, ‘‘तर माझ्यासाठी तिथे काही कामच उरलं नसतं.’’

पलीकडे कुणीतरी टाइप करत होतं. थांबलं. पुन्हा करू लागलं. साहेब एका बोटाने टाइप करतात, हे तिला माहीत होतं.

‘‘आता नाहीच उरलं,’’ उत्तर आलं. ‘‘तरी सोमवारी या.’’