हातभर तुकडा

"गळ समोरच्या झुडपापर्यंत पोचत नाही रे. काठी लांबवायला तुझा जोडतुकडा दे की घटकाभर," बर्मिंगहॅमच्या याच कालव्याकाठी गेल्या साली नॉरिस म्हणाला होता.

"विकत घे, फुकट्या," सेल्विन उत्तरला होता. नॉरिस वाकून हात लांबवत राहिला आणि तोल जाऊन कालव्यात बुडून मेला.

आज सेल्विनने तोच हातभर तुकडा आपल्या काठीच्या बुडाला जोडला. गळ झुडपापासून हातभर अलीकडे पडला. त्याने दुसरा जोडला. अंतर हातभरच उरले. तिसऱ्यानंतरही तेवढेच. कालवा मात्र होता तेवढाच रुंद दिसत होता.

"आता माझ्याकडेही तुकडा उरला नाही," तो पुटपुटला.

पाण्याखालून काठी हातभर पुढे ओढली गेली. मग आणखी हातभर. सेल्विनचे बूट काठाशी आले.

आपली वस्तू सोडून देण्याची सवय त्याला कधीच नव्हती.