घंटीची दोरी

"आजोबा, या सुईनं खांदा दुखायचा थांबेल. फक्त दुखऱ्या जागी साठलेली हाताची एक जुनी सवय कायमची जाईल," ॲक्युपंक्चरच्या मॅडम म्हणाल्या.

"साहेबांना ठोकायचा सलाम न्या," पक्षाघातानंतर वर्षभर कण्हणारे एसटीचे निवृत्त कंडक्टर बारवकर उदारपणे म्हणाले.

मॅडमनी खांद्याला जोडलेल्या यंत्राच्या पडद्याकडे पाहिलं. "तो कधी खांद्यापर्यंत पोचलेलाच नाही. इथं घंटीची दोरी ओढणं आहे."

"वीस वर्षं झाली रिटायर होऊन, दत्तू. दे सोडून," सोबत आलेला त्यांचा जुना ड्रायव्हर इस्माईल म्हणाला.

बारवकरांनी मॅडमना सुई परत डबीत ठेवायला सांगितलं. मग कण्हत हात वर नेऊन त्यांनी हवेतली दोरी दोनदा ओढली.

खुर्चीत बसलेल्या इस्माईलनं डाव्या पायानं फरशीवर नसलेला क्लच दाबला.