मोठ्या सुट्टीतलं मतदान

आमच्या क्रीडामंत्र्याच्या बाबांची बदली झाली, म्हणून शाळेत वर्षाच्या मध्येच निवडणूक लागली. एका बाजूला अख्ख्या शाळेचा लाडका बॅट्समन मिहीर खांबेटे आणि दुसऱ्या बाजूला चक्क मी! मला एकच गोष्ट हवी होती. मोठ्या सुट्टीत मुलींनाही खेळायला ग्राउंड मिळायला हवं.

"नववी-दहावी मिळून एकशे चाळीस मतं," मिहीर म्हणाला. "त्यातलं तुझं तुला नक्की पडेल बघ!" सगळे खो खो हसले. खरं सांगायचं तर त्याच्या सिक्सरला मीसुद्धा टाळ्या वाजवायचे.

मतदान मोठ्या सुट्टीत, प्रयोगशाळेत होतं. रांगेत बघते तर पुढेमागे बहुतेक मुलीच! आम्ही दुसरीकडे जाणार तरी कुठे? खिडकीतून ग्राउंडवरचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"अरे, मत देऊन येऊ या ना!"

"तू जा. मी गेलो तर माझी बॅटिंग जाईल."

"आपण जिंकलोच आहोत रे," मिहीरचा आवाज आला. "बॉल टाक!"

घंटा झाली. इनामदार बाईंनी बुटांचा खोका उघडून चिठ्ठ्या मोजल्या. मला एकसष्ट, मिहीरला एकोणीस.

तेवढ्यात मिहीर बॅट घेऊन धापा टाकत आला. "बाई, थांबा! माझं मत द्यायचं राहिलंय!"

मला हसू आवरेना. "उद्या सुट्टीत ग्राउंडवर ये," मी म्हटलं. "आम्हाला एक फिल्डर कमी पडतोय. बॅटिंग मात्र सगळ्यात शेवटी हं!"