दहा हजार जावई

“बोंडं आधीच अळीनं खाल्ली, अन् तुमी वरून पाखरं सोडायला आलाव?” लिंबाजीआप्पांनी पारावरून विचारलं. अख्खं गाव मान डोलवू लागलं.

उत्तरा पारासमोर उभी होती. परभणीहून आलेली ही कीटकशास्त्रज्ञ. दोन वर्षं खपून तिनं गुलाबी बोंडअळीचे वेगळे नर पतंग तयार केले होते. गावानं आज नाही म्हटलं की प्रयोग गुंडाळायचा. आणि चारठाण्याच्या पलीकडचं हे गाव कुणाचं ऐकतं म्हणता? गेल्या साली याच पारावर तिनं तासभर घसा कोरडा केला होता, वासाच्या गोळीचे सापळे वाटले होते. नर पतंग मादीच्या वासाला भुलतो आणि आत पडतो, इतकी सोपी गोष्ट. एकानंही सापळा लावला नाही. गावातल्या बायनाबाईंनी तर सापळ्याच्या पिशवीत वाळल्या मिरच्या भरून ठेवल्या.

“आप्पा, या पतंगांच्या जनुकांत आम्ही बदल केलाय,” उत्तरा म्हणाली. “इथल्या माद्यांशी यांची जोडी जमेल, अंडीही होतील. पण त्यातली अळी बोंडात शिरायच्या आधीच मरेल.”

“म्हंजी वंश बुडवणारे जावई.”

“तसंच समजा.”

बायनाबाई पदराआडून हसल्या. “मग येऊ द्या की. अळीच्या घरी असलेच जावई पायजेत.”

मग प्रश्नांची सरबत्ती झाली. चावतात का, म्हशीनं गिळले तर काय, शेजारच्या शिवारात पळाले तर कुणी आणायचे. उत्तरानं एकेकाला उत्तर दिलं. जे ठाऊक नव्हतं, ते ठाऊक नाही म्हणाली. तिथं आप्पा विरघळले.

“ठाऊक न्हाई म्हणणारं शिकलेलं माणूस पैल्यांदाच बघितलं,” ते म्हणाले, आणि त्यांनी हात वर केला. मागोमाग सगळ्यांचे हात वर झाले.

सोमवारी दहा हजार नर कपाशीत सुटले. ओळखू यावेत म्हणून त्यांच्या अंगाला केशरी भुकटी लावली होती. बायनाबाईंनी डब्यांना हळदकुंकू वाहिलं. उत्तराला इतका आनंद झाला, की परतताना ती गाडीत चक्क गात होती.

शुक्रवारी आप्पांचा फोन आला. “लवकर या. गाव तुमचा सत्कार करायलंय.”

ती पोचली तर पारावर सतरंजी, शाल, नारळ. मधोमध मोठी परात, आणि परातीत मेलेल्या पतंगांचा ढीग. सगळे केशरी.

“आप्पा, हे काय?” उत्तरानं परातीतला एक पतंग उचलून पाहिला.

“सापळे लावले की आमी. घरटी चार. गोळ्या जुन्या झाल्त्या, तर सेलूहून नव्या आणल्या. बायनाबाईनं मिरच्या सुदिक काढल्या.”

“पण आत्ताच का?”

आप्पांनी शाल उलगडून तिच्या खांद्यावर घातली.

“लय पटलं तुमचं बोलणं. मग औंदाचं तेवढं ऐकायचं अन् गेल्या सालचं न्हाई, हे बरं दिसतं का?”