तिच्याच भाषेत

माझ्या ताईला जन्मापासून ऐकू येत नाही. तिला कळा सुरू झाल्या तेव्हा तिच्या हातांची भाषा दवाखान्यात कुणालाच कळली नाही, आणि बाळ गेलं. त्यावर एका नामवंत दिग्दर्शकाने सिनेमा काढला. पहिल्या खेळाला आम्हा भावंडांना मानाने पुढे बसवलं.

पडद्यावर संवादाचं एक अक्षर उमटेना. मध्यंतरात मी विचारलं, तर दिग्दर्शक म्हणाले, "खाली अक्षरं आली की सगळा परिणाम जातो हो."

मग मीच अंधारात हातांनी ताईला संवाद सांगू लागलो. मागून एक बाई म्हणाल्या, "अहो, हात खाली घ्या ना. आम्हाला दिसत नाहीये."

सिनेमा संपल्यावर दिग्दर्शक मंचावर आले. "आता मी माझ्या या बहिणीशी तिच्याच भाषेत बोलणार आहे," म्हणाले, आणि त्यांनी बराच वेळ हात हलवले. सगळं सभागृह उभं राहिलं. लोक डोळे पुसत होते.

मला एकही खूण कळली नव्हती. मी ताईला विचारलं, "काय म्हणाले गं?"

ताईने मांडीवरच हात हलवून सांगितलं, "कुणास ठाऊक. माश्या हाकलत असतील."