एकच कोंबडा सोडून

वाडीत मानमोडी शिरली आणि कोंबड्या पटापट मरू लागल्या. पशुसखी असलेली हौसाबाई पहाटेपासून घरोघरी लशीचे थेंब टाकत होती आणि लस दिलेल्या कोंबडीच्या पंखावर हळदीचं बोट लावत होती. स्वतःच्या घरचा लाल कोंबडा मात्र तिनं आतल्या खोलीत कोंडून ठेवला होता. त्याला लस चालणार नव्हती.

निवृत्ती, तिचा मुलगा, नऊ वर्षांचा असताना त्याला रक्ताचा कर्करोग झाला. औषधांनी त्याचं बीज जळून जाईल आणि पुढं त्याला मूल होणार नाही, म्हणून डॉक्टरांनी त्याच्या बीजपेशी आधीच काढून एका कोंबड्यात वाढवल्या आणि कोंबडा घरी सांभाळायला दिला. त्याची प्रतिकारशक्ती अंड्यातच निजवली होती, म्हणून त्या परक्या पेशी टिकल्या. लशीनं ती जागी झाली असती, तर एकही पेशी उरली नसती. कोंबडा म्हातारा झाला, की पेशी नव्या कोंबड्यात हलवत. हा चौथा होता. पोरगा मनात कुढत बसेल, म्हणून हौसाबाईनं त्याला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. माघात त्याचं लग्न ठरलं होतं.

ती परतली तेव्हा खोलीचं दार उघडं होतं. निवृत्ती कोंबड्याला मांडीवर घेऊन बसला होता.

"सगळ्या वाडीला लस देत फिरतेस आणि आपलाच विसरतेस," तो हसत म्हणाला. "फ्रीजमधल्या बाटलीतले दोन थेंब मीच टाकले त्याच्या डोळ्यात."

हौसाबाई उंबऱ्यातच थांबली. लाल पंखावरची हळद अजून ओली होती.

"का गं, चुकलं का काही?"

"नाही रे," ती म्हणाली. "बरं केलंस."