फॉर्मवर जावयाचं नाव

व्हर्नन हॅस्केटने जावयाचं नाव लिहिलं, पेनाने, ठळक अक्षरांत, आणि फॉर्म टेबलापलीकडे लॉरेनकडे सरकवला.

लॉरेन पिकेट दर मंगळवारी गावच्या वाचनालयात बसून म्हाताऱ्याकोताऱ्यांची कराची विवरणपत्रं फुकट भरून द्यायची. मागच्या आठवड्यात तिने पाठवलेलं व्हर्ननचं विवरणपत्र तासाभरात परत आलं होतं, कारण त्याच्या नावाने आणि सरकारी ओळख-नंबराने ते आधीच कुणीतरी भरलं होतं. फोन करकरून कळलं की परताव्याचे पैसेही त्याच कुणीतरी उचलले. आता तक्रार करायची होती, शपथेवर.

लॉरेनने फॉर्म दोनदा वाचला. "कर्टिस? तुम्हाला आज इथे आणलं कोणी?"

"त्यानेच. डेनीस पोटची पोर असून नाही म्हणाली. डोळ्यांच्या ऑपरेशनपासून मला कुठे गाडी चालवता येते?"

नंबर आपल्याखेरीज कुणालाच ठाऊक नाही, असं व्हर्ननने ठासून सांगितलं. नंबराचं कार्ड बँकेच्या लॉकरमध्ये, आणि घरातला कॉम्प्युटर लावून दिलेला कर्टिसने. त्यातून कर्टिसचं जुनं प्रकरण. विशीत असताना त्याने दुसऱ्याच्या चेकवर सही मारली होती आणि आठ महिने तुरुंगात काढले होते. त्याला वीस वर्षं उलटून गेली. ही गोष्ट गावाला माहीत होती, फक्त त्याच्या मुलांना नव्हती. ती उणीव व्हर्ननने परवाच्या रविवारी भरून काढली, जेवणाच्या टेबलावर, भाजलेली कोंबडी कापता कापता, आणि वर परताव्याचा चोरही हाच म्हणून. अकरा वर्षांची नात बापाकडे बघत राहिली आणि बाप ताटाकडे. डेनीस मुलांना घेऊन अर्ध्या जेवणावरून उठली. हे सगळं व्हर्ननने लॉरेनला जवळजवळ फुशारकीनेच सांगितलं, कारण आपण स्पष्टवक्ते आहोत असा त्याचा समज होता.

लॉरेनने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"व्हर्नन, तुमचा नंबर मलाही माहीत आहे."

"असणारच. फॉर्म तूच भरलास."

"त्याच्याही आधीपासून. ऑक्टोबरात माझ्या नवऱ्याने, ग्लेनने, तुमच्या अंगणातून करवत आणली. मुठीवर कोरलाय. नऊच्या नऊ आकडे."

व्हर्ननला सगळं आठवलं. अठ्ठ्याहत्तर साली शेरीफच्या पोलीसठाण्याची माणसं कोरायचं यंत्र घेऊन दारोदार फिरली होती. हत्यारांवर आपला सरकारी नंबर कोरून ठेवा, चोरीचा माल सापडला तर ओळख पटेल, असं सांगत होती. गावात बऱ्याच जणांनी कोरले. व्हर्ननने शनिवार-रविवार बसून कोरले. करवती, पाने, गिरमिटं, गवत कापायचं यंत्र, टीव्हीची पाठ, काही सोडलं नाही. आणि गेल्या ऑक्टोबरात, गुडघे गेले म्हणून, त्याने ते सगळं अंगणात मांडून विकलं. तीन गावांची माणसं आली होती. दारातल्या टपालपेटीवर नाव होतंच. आज मला ऐंशी पूर्ण झाली, असं तो प्रत्येक गिऱ्हाइकाला हौसेने सांगत होता, म्हणजे जन्मतारीखही गेली. हत्यारं तर त्याने आदल्या दिवशी तेल लावून अशी घासली होती की आकडे लांबून वाचता यावेत.

शरमेने लॉरेनच्या तोंडाकडे त्याला बघवेना.

"चोर कोण ते मला नाही सांगता येणार," लॉरेन म्हणाली. "पण नंबर कुणालाच ठाऊक नव्हता, अशी शपथ घेऊ नका." तिने कोरा फॉर्म पुढे केला. संशयित कोण, त्या जागी व्हर्ननने या वेळी 'माहीत नाही' असं लिहिलं आणि सही केली. जुन्या फॉर्मचे त्याने चार तुकडे केले. ते वाचनालयाच्या टोपलीत टाकायचा धीर होईना, म्हणून कोटाच्या खिशात कोंबले.

बाहेर कर्टिस ट्रकमध्ये बसून होता. त्याने आतून दार उघडून दिलं. व्हर्नन चढून बसला आणि समोरच्या काचेकडे बघत त्याने करवतीचं सांगितलं, अंगणातल्या विक्रीचं सांगितलं. आपण मूर्ख ठरलो, हेही म्हणाला.

"डेनीसला फोन करून सांगतो मी," व्हर्नन शेवटी म्हणाला.

"फोन नको. मुलांसमोर बोललात ना? मग हेही मुलांसमोरच बोला."

"रविवारी येतो तर."

"आजच. तीनला शाळा सुटते."

पावणेतीनपासून दोघं शाळेसमोर बसून राहिले. व्हर्नन मनात वाक्यं जुळवत होता आणि एकही धड जमत नव्हतं. धाकट्या नातवाला यायला वेळ होता. नात आधी आली. ट्रक दिसताच ती चार पावलं अलीकडेच थांबली. रविवारपर्यंत ती अशी थांबत नसे. व्हर्ननला ते दिसलं आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो धडपडत खाली उतरला.

"मी तुझ्या बाबांवर आळ घेतला, तो खोटा होता," तो म्हणाला. "पैसे भलत्याच कुणीतरी नेले. माझ्याच चुकीने. तुझ्या बाबांनी काहीही केलेलं नाही."

पोरीने सगळं नीट ऐकून घेतलं.

"आणि तुरुंगाचं?"

व्हर्ननने मागे वळून पाहिलं. कर्टिस उतरून त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला होता.

"ते खरं आहे," कर्टिस म्हणाला, आणि रोजच्यासारखा त्याने तिच्या दप्तरासाठी हात पुढे केला.

ती दप्तर पोटाशी धरून मागच्या सीटवर चढली.